चढावर बंद पडणारी जुनी डिझेल गाडी आणि परतवाड्याच्या मिस्त्रींनी केलेले निदान

परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे निघणाऱ्या रस्त्यावर, वस्ती संपता संपता कडुनिंबाच्या झाडाखाली असलेल्या एका छोट्या गॅरेजबद्दल मी हे लिहीत आहे. माझी २००८ सालची डिझेल गाडी मागच्या दिवाळीपासून अधूनमधून बंद पडत होती. तीन ठिकाणी दाखवून आणि २३,४०० रुपये खर्चून जो दोष हाती लागला नव्हता, तो या गॅरेजमध्ये चार दिवसांत आणि २,८३० रुपयांत सापडला. तो कसा सापडला, हे मला पैशांपेक्षा महत्त्वाचे वाटते. म्हणून ते सविस्तर सांगतो आणि गॅरेजच्या उणिवाही सांगतो.

गाडीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण दोष बनावटीचा नव्हता, वयाचा होता. सात माणसांची, अडीच लिटर इंजिनाची, मेकॅनिकल डिझेल पंपाची ही गाडी आमच्या भागात प्रत्येक गावात दोन-चार तरी सापडेल. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपल्यावर गाडी तपासून घेऊन आणि पर्यावरण कर भरून आणखी पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. ते सोपस्कार मी नुकतेच पूर्ण केले होते, त्यामुळे गाडी मोडीत काढण्याचा विचार मनात नव्हता. संत्र्याचे कॅरेट, खताच्या बॅगा, लग्नाचे वऱ्हाड हे सगळे तिनेच वाहिले आहे, आणि माझ्या ८१ वर्षांच्या आईला दर पंधरा दिवसांनी अमरावतीला तपासणीसाठी नेण्याचे साधनही तीच आहे.

पहिल्यांदा गाडी बंद पडली ती आई सोबत असतानाच. आसेगावच्या पुढे एका ट्रकला ओलांडण्यासाठी मी पाय दाबला, तेव्हा इंजिनाने दोन-तीन हिसके दिले, जोर गेला आणि गाडी रस्त्याच्या मधोमध थांबली. मागून येणाऱ्या एसटीच्या चालकाने वेळेवर ब्रेक लावला म्हणून अनर्थ टळला. सेल मारला तर इंजिन नुसते फिरत राही, धरत नसे. मागच्या गाडीतून उतरलेल्या एकाने बोनेट उघडून हँड प्रायमर, म्हणजे डिझेल हाताने पुढे ढकलण्याचा छोटा पंप, वीस-पंचवीस वेळा दाबून दिला. पुन्हा सेल मारल्यावर इंजिन पांढरा धूर सोडत चालू झाले आणि अमरावतीपर्यंत जणू काही घडलेच नाही अशी गाडी चालली. त्यानंतर पाच महिन्यांत असे आणखी चार वेळा झाले. त्यातली एक वेळ मेळघाटात घटांग आणि सेमाडोह यांच्या मधली होती. तिथे फोनला रेंज नव्हती आणि अंधार पडू लागला होता, तेव्हा प्रायमर दाबताना माझे हात थरथरत होते हे मी अजून विसरलो नाही.

ज्याला गाडीतले कळते तो म्हणेल की प्रायमर दाबून गाडी चालू होते म्हणजे ती एअर घेते, यात शोधण्यासारखे काय आहे? खरे आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पंप डिझेलला मोठा दाब देतो, त्या दाबाने नोझल उघडते आणि तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पेटतो. डिझेल सहजासहजी दाबले जात नाही, म्हणूनच हा दाब नोझलपर्यंत पोहोचतो. मध्ये हवा शिरली की पंपाचा सगळा जोर ती हवा दाबण्यातच जातो, नोझल उघडत नाही आणि इंजिन मरते. प्रायमरने हवा पुढे ढकलून काढली की गाडी पुन्हा धरते. एवढे सगळ्यांनाच माहीत होते. हवा कोठून शिरते आणि कधीकधीच का शिरते, हा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर न शोधता प्रत्येकाने आपापल्या अंदाजाने एकेक वस्तू बदलली.

पहिल्या ठिकाणी डिझेल फिल्टर बदलले, मजुरीसह १,८०० रुपये झाले. दुसऱ्या ठिकाणी नोझल काढून दुरुस्त केले, त्याचे ६,२००, आणि टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप नवा टाकला, त्याचे ३,९००. तिसऱ्या ठिकाणी मुख्य पंपच उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे डिझेलचे माप जुळवायला, पाठवला, त्याचे ११,५०० रुपये गेले. या तिघांपैकी कोणीही मला फसवले असे मी म्हणणार नाही. प्रत्येकाने काम केले, जुने सामान दाखवले, आणि प्रत्येक कामानंतर गाडी आठ-दहा दिवस उत्तम चालली. याच आठ-दहा दिवसांनी सगळ्यांना फसवले. ते कसे, ते पुढे येईल.

परतवाड्याच्या या गॅरेजचे नाव मला आमच्या गावच्या ट्रॅक्टरवाल्याने सांगितले. मिस्त्री साठीच्या आसपासचे आहेत आणि हाताखाली दोन मुले आहेत. मी गेलो तेव्हा ते एका मळणीयंत्राच्या पुलीशी झटत होते. मी बोनेट उघडू लागलो तर त्यांनी हातानेच थांबवले आणि विचारले, “भाऊ, गाडी झटक्यात मेली का गुदमरून मेली, थे सांगा पयले.”

हा प्रश्न मला आधी कोणी विचारला नव्हता. त्याचा अर्थ त्यांनी नंतर समजावून सांगितला. किल्ली फिरवल्यासारखे इंजिन एका क्षणात बंद झाले तर संशय विजेवर जातो. डिझेल तोडणारी सोलेनॉइड, तिची तार, किल्लीचा स्विच, बॅटरीची अर्थ, यांतले काहीतरी सुटत असते. हिसके देत, जोर सोडत, धापा टाकत बंद झाले तर डिझेलच पोहोचत नाही असे समजावे. माझी गाडी गुदमरत होती. तरीही त्यांनी इंजिन चालू ठेवून सोलेनॉइडची तार, फ्यूजचा डबा आणि बॅटरीचे टर्मिनल हाताने हलवून पाहिले. इंजिनाच्या आवाजात काही फरक पडला नाही, तेव्हा तो विषय त्यांनी तिथेच मिटवला.

मग पुढचे प्रश्न सुरू झाले. गाडी थंड असताना बंद पडते की तापल्यावर? सपाटीवर की चढावर? वेगात की हळू चालताना? परत चालू होताना धूर कोणत्या रंगाचा निघतो? मी जमेल तशी उत्तरे दिली. पाचपैकी चार वेळा गाडी ओझ्याखाली होती, म्हणजे चढ तरी होता, ओव्हरटेक तरी होता किंवा कॅरेट तरी भरलेले होते. थंडी-उन्हाशी मात्र काही संबंध दिसला नाही, कारण एकदा ती जानेवारीच्या सकाळी बंद पडली होती आणि एकदा भर दुपारी. शेवटी त्यांनी विचारले, “डिझेल कवा भरता?”

मला वाटले, त्यांना गाडी डिझेल संपून बंद पडत असल्याचा संशय आहे. मी थोड्या नाराजीनेच सांगितले की काटा प्रत्येक वेळी पाव टाकीच्या वर होता. ते काही बोलले नाहीत. डॅशबोर्डच्या कप्प्यात मी पेट्रोल पंपाच्या पावत्या टाकून ठेवतो, त्या त्यांनी मागून घेतल्या. गाडी बंद पडल्याच्या तारखा मी घरच्या कॅलेंडरवर टिपल्या होत्या आणि सोबत किलोमीटरही लिहिले होते. फोन करून मुलीकडून ते आकडे घेतले. मग झाडाखालच्या बाकावर त्यांनी पावत्या तारखेच्या क्रमाने लावल्या, प्रत्येकीवर स्पार्क प्लगचा एकेक जुना खोका ठेवला म्हणजे वाऱ्याने उडू नये, आणि खडूने बाकावरच आकडे मांडले. टाकी भरल्यापासून गाडी बंद पडेपर्यंत किती किलोमीटर झाले, ते पाच वेळांचे आकडे असे आले: ३८०, ४१०, ३९५, ४३०, ४६०.

साठ लिटरची टाकी, लिटरला बारा किलोमीटरच्या आसपास मायलेज. म्हणजे पाचही वेळा टाकी अर्ध्याच्या खाली आलेली होती. अर्ध्याच्या वर गाडी एकदाही बंद पडली नव्हती. आणि मी काय करत होतो? प्रत्येक दुरुस्तीनंतर, गाडी बरी झाली या समाधानात, गॅरेजमधून निघून सरळ पंपावर जाऊन टाकी फुल करत होतो. फिल्टर बदलल्यावर फुल, नोझल झाल्यावर फुल, पंप आल्यावर फुल. टाकी भरलेली असेपर्यंत गाडी चालायची आणि श्रेय बदललेल्या वस्तूला मिळायचे. पाच महिने हा खेळ माझ्याच हाताने चालू होता आणि तो उलगडायला पाच पावत्या आणि एक खडू पुरला. त्या बाकाजवळ उभे राहून मी ते आकडे पुन्हा पुन्हा वाचले.

कोणाही मिस्त्रीने इथेच टाकी उतरवली असती, आणि मीही तेच म्हटले. पण ते म्हणाले, “पाना लावाच्या आधी मले गाडी बंद पडतानी पाहाची हाय.” आकड्यांनी दिशा मिळाली होती, पुरावा मिळाला नव्हता. टाकी उतरवायची मजुरी लागते, आणि उतरवल्यावर काही सापडले नाही तर गिऱ्हाइकाला काय सांगायचे, असे त्यांचे म्हणणे. हे म्हणणे मला फार पटले, आणि या गॅरेजला मी जे मानतो त्याचे कारणही हेच आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टाकीतले डिझेल पाव टाकीपर्यंत काढून कॅनमध्ये ठेवले. टाकीकडून येणारी नळी फीड पंपाच्या अलीकडे सोडवून तिथे पारदर्शक नळीचा एक लांब तुकडा जोडला. हा तुकडा बोनेटच्या फटीतून वर काढून काचेसमोर, वायपरच्या शेजारी सुतळीने बांधला, म्हणजे चालवतानाच त्यातून जाणारे डिझेल दिसावे. सायलेन्सरच्या गरम भागाला नळी लागणार नाही हे दोनदा तपासले. मागच्या सीटवर गव्हाची चार पोती टाकली. मग ते शेजारी बसले आणि मी चिखलदऱ्याच्या घाटाकडे गाडी काढली. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. आमच्या सपाट मुलुखात गाडीची दमछाक पाहायची तर याहून चांगला रस्ता नाही.

सपाटीवर नळी स्वच्छ होती. पिवळसर डिझेल इतके सारखे वाहत होते की ते वाहते आहे हेही कळत नव्हते. पहिल्या चढाला लागल्यावर त्यात मोहरीएवढे बुडबुडे दिसू लागले, एखाददुसरा, मग थांबून आणखी एक. मिस्त्रींनी बोटाने काचेवर टकटक केले आणि मला तिसऱ्या गिअरमध्येच जोर लावायला सांगितले. पुढच्या वळणावर साबुदाण्याएवढे बुडबुडे एकामागे एक येऊ लागले आणि त्यांची माळ लागली. माळ लागल्यावर काही क्षणांतच इंजिनाने पहिला हिसका दिला. मी गाडी कडेला घेतली, दुसरा हिसका आला, तिसरा आला आणि इंजिन बंद झाले. पाच महिने जी गोष्ट मला अचानक घडते असे वाटत होते, ती माझ्या डोळ्यांसमोर, आधी सूचना देऊन घडली.

तरीही त्यांचे समाधान झाले नाही. बुडबुडे दिसले म्हणजे हवा फीड पंपाच्या मागून येते एवढेच सिद्ध झाले. पुढचे फिल्टर, पंप, नोझल पूर्ण निर्दोष आहेत हे दाखवायचे बाकी होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी टाकी जागेवरच ठेवून डिझेलच्या वाटेतून वगळली. बॅटरीच्या बाजूच्या रिकाम्या जागेत पाच लिटरचा डिझेलचा कॅन पक्का बांधला, ओढणारी नळी त्यात सोडली आणि परतीची नळीही त्यातच सोडली, नाहीतर कॅन बघता बघता रिकामा होतो. तीच चार पोती, तोच घाट, तेच वळण. नळीत एक बुडबुडा आला नाही आणि गाडी एकाच दमात वर गेली. परत फिरताना ते पहिल्यांदा मोकळेपणाने हसले आणि म्हणाले, आता टाकी उतरवू.

टाकी उतरवल्यावर डिझेल ओढणारा आतला पाइप बाहेर काढला. दिसायला तो धडधाकट होता, थोडा गंज सोडला तर काही नाही. मिस्त्रींच्या मुलाने बादलीत पाणी आणले. पाइपचे खालचे तोंड बोटाने दाबून, वरच्या टोकाला रबरी नळी लावून त्याने फुंकर मारली आणि पंक्चर काढताना ट्यूब बुडवतात तसा तो पाइप पाण्यात बुडवून फिरवला. पाइपच्या साधारण मध्यावर, जिथे आधाराची पट्टी झाळलेली होती, तिथून बारीक बुडबुड्यांची एक रेघ वर आली. फडक्याने पुसून उन्हात धरल्यावर केसाएवढी चीर दिसली. नखाने जाणवत होती, डोळ्यांना मोठ्या मुश्किलीने दिसत होती.

आता सगळ्या गोष्टी जागेवर बसल्या. टाकीतले डिझेल चिरेच्या वर असेपर्यंत चिरेतून आत गेले तरी डिझेलच जाणार, त्यामुळे बिघाड नाही. पातळी चिरेच्या खाली गेली की तीच चीर हवा ओढू लागते. सपाटीवर हळू चालवताना ओढ कमी असते, हवा थोडी जाते आणि इंजिन ती पचवते. चढावर किंवा ओझ्याखाली जास्त डिझेल लागते, ओढ वाढते, हवाही वाढते आणि इंजिन गुदमरते. पाव टाकी आली की मी पुन्हा डिझेल भरत असे, म्हणून दोष दिसण्याचा काळ दोनशे किलोमीटरहूनही कमी होता, आणि त्यातही जोर लावण्याचा प्रसंग यायला हवा. त्यामुळेच तो कधीकधी दिसत होता.

जमिनीवर डिझेलचा एक थेंब का पडत नव्हता, हेही मी त्यांना विचारले, कारण गळती शोधताना आधीच्या प्रत्येकाने गाडीखाली वाकून पाहिले होते आणि कोरडी जमीन पाहून टाकीकडची बाजू सोडून दिली होती. टाकीपासून फीड पंपापर्यंतची वाट ओढीची आहे, दाबाची नाही. दाबाच्या बाजूला भोक पडले तर डिझेल बाहेर उडते. ओढीच्या बाजूला भोक पडले तर बाहेरची हवा आत जाते आणि बाहेर काहीच दिसत नाही. शिवाय आमची चीर टाकीच्या आतच होती, ती गळली असती तरी टाकीतच गळली असती.

पाइप स्वच्छ धुऊन, टाकीपासून दूर, शेजारच्या लेथवाल्याकडे नेऊन पितळेने ब्रेझिंग केला. मी नवा पाइप टाकायचे सुचवले होते. त्यांनी सांगितले की टाकीतला तो पूर्ण संच अमरावतीहून मागवावा लागेल आणि किंमत अडीच हजारांच्या पुढे जाईल, तरी तो टाकून उपयोग व्हायचा असेल तर आधी चीर का गेली ते पाहायला हवे. कारण आधाराची पट्टी होती. तिचे खालचे टोक तुटलेले होते, त्यामुळे पाइप वर्षानुवर्षे टाकीत थरथरत होता आणि झाळलेल्या जागी थकून चिरला. पट्टी नव्याने बसवली नसती तर नवा पाइपही तिथेच चिरला असता. ही पट्टी बदलण्याचे त्यांनी बिलात वेगळे पैसेही लावले नाहीत, ब्रेझिंगच्या ३५० रुपयांतच ते धरले. दोन दिवसांच्या तपासणीचे ८००, टाकी उतरवणे, धुणे आणि चढवणे यांचे १,२००, आणि टाकीकडच्या जुन्या कडक झालेल्या रबरी नळ्या क्लिपांसह बदलण्याचे ४८० रुपये घेतले. काढलेल्या नळ्या पिशवीत घालून मला परत दिल्या.

तपासणीचे ८०० रुपये वेगळे लावलेले पाहून माझ्यासोबत आलेल्या भाच्याने भुवया उंचावल्या, कारण आमच्याकडे बघण्याचे पैसे द्यायची सवय नाही. मला मात्र सगळ्या बिलात तेच पैसे सर्वांत योग्य वाटले. सामान बदलल्यावरच कमाई होत असेल तर मिस्त्री सामानच बदलणार. शोधण्याचे पैसे मागणारा आणि शोधून दाखवणारा मिस्त्री ज्याला मिळाला, त्याने ते पैसे घासाघीस न करता द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता उणिवांबद्दल. गाडी चार दिवस अडकून पडते, हे ज्याला रोजची गरज आहे त्याला परवडणारे नाही. मला आईच्या एका तपासणीसाठी भाड्याची गाडी करावी लागली. बसायला झाडाखालचा एक बाक सोडला तर सोय नाही, बायाबापड्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना सोबत आणू नये. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा त्या झाडाखालीही झळा लागतात. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही आणि मिळते तेही साध्या कागदावर. दुपारी फोन उचलत नाहीत. पेरणीच्या आधी ट्रॅक्टर आणि शेतीची यंत्रे रांगेत उभी असतात, त्या दिवसांत चारचाकीला लवकर हात लागत नाही, आणि माझ्या मते शेतकऱ्यांच्या गावात ते तसेच असायला हवे.

आणखी एक मर्यादा आहे, आणि ती ते स्वतःच आधी सांगतात. त्यांच्याकडे स्कॅनर नाही. संगणकावर चालणाऱ्या कॉमन रेल डिझेल गाड्या आणि नव्या पेट्रोल गाड्या ते हातात घेत नाहीत. मी तिथे असतानाच एकाने दहा-बारा वर्षांची पेट्रोल कार आणली होती. ती तापल्यावर झटक्यात बंद पडायची आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू व्हायची. मिस्त्रींनी प्रश्न तेवढेच बारकाईने विचारले, मग एका चिठ्ठीवर लिहून दिले की इंजिनाचे फिरणे मोजणारा क्रँक सेन्सर गरम झाल्यावर सिग्नल सोडतो का ते बंद पडलेल्या अवस्थेतच तपासावे, सेन्सरवर ओले फडके ठेवून गाडी लवकर चालू होते का पाहावे, आणि फ्युएल पंपाच्या रिलेचे, म्हणजे त्याला वीज देणाऱ्या स्विचचे, झाळलेले सांधे तपासावेत. ती चिठ्ठी देऊन त्यांनी गाडी अमरावतीला पाठवली. एक रुपया घेतला नाही. त्या गाडीचे पुढे काय झाले याचा मी पाठपुरावा केला नाही, पण काम आपले नाही हे कळणे आणि तरीही माणसाला योग्य दिशा देऊन पाठवणे, हे दोन्ही एका ठिकाणी क्वचितच पाहायला मिळते.

गाडी आणून आता पाच महिने होत आले. घरी आल्यावर मी मुद्दामच टाकी फुल केली नाही. काटा पावच्या खाली, मग रिझर्व्हपर्यंत उतरू दिला आणि कॅनमध्ये पाच लिटर डिझेल सोबत ठेवून घटांगच्या चढावर गेलो, त्याच जागी जिथे अंधारात अडकलो होतो. गाडीने हिसका दिला नाही. पावसाळ्यात धारणीपर्यंत दोन फेऱ्या झाल्या, संत्र्याच्या आंबिया बहाराचे कॅरेट भरून अमरावतीच्या बाजारात सहा फेऱ्या झाल्या, आणि आईच्या तपासण्या ठरल्या दिवशी होत आहेत. हँड प्रायमरला त्यानंतर हात लावावा लागलेला नाही.

कोणाला जायचे असेल तर सकाळी नऊच्या आत जावे, तेव्हा मिस्त्री निवांत बोलतात. गाडी कधी, कुठे, किती किलोमीटरवर बंद पडली ते लिहून न्यावे. डिझेलच्या पावत्या फेकू नयेत. आणि निघण्याआधी टाकी भरू नये, गाडी ज्या अवस्थेत बंद पडते त्याच अवस्थेत त्यांच्या दारात न्यावी.